वापरात असलेली चार स्वच्छतागृहे

‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. विद्यालयात विद्यार्थिनींसाठी चार स्वच्छतागृहे असून ती सुस्थितीत, स्वच्छ व वापरात आहेत.’ एवढे मोठ्याने वाचून विस्तार अधिकारी शाम भोयर यांनी कागद मुख्याध्यापिकांच्या टेबलावर पुढे सरकवला; मग पेनाचे टोपण काढून पेनही.

विमलताई गावंडे यांनी पेन घेतले नाही. एकतीस वर्षे मराठी शिकवलेल्या बाईने कुठलेही वाक्य आधी नीट पाहून घ्यावे, त्याप्रमाणे त्यांनी ते पाहिले. वाक्य सुबक होते आणि बहुतांशी खरेही होते. स्वच्छतागृहे चारच होती. कुणीही मोजली असती तरी चारच भरली असती. पहिल्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती होती, कारण तिथे उंदीर शिरत नसत. दुसऱ्यात लेझीम, थाळीफेकीच्या थाळ्या आणि प्रजासत्ताक दिनाचा पुठ्ठ्याचा रथ. तिसऱ्याचे दार पावसाने फुगून घट्ट बसले होते, आणि आत काय आहे हे जाणून घ्यावे असे सात वर्षांत कुणालाही वाटले नव्हते. चौथे मात्र पाहण्यासारखे होते. पांढऱ्या फरशा, निळी बादली, भिंतीवर हात धुणाऱ्या मुलीचे रंगीत चित्र आणि दाराला पितळी कुलूप. सुस्थितीत? जे वापरले जात नाही ते मोडत नाही. स्वच्छ? त्याच कारणाने. साऱ्या वाक्यात खोटा शब्द एकच होता, ‘वापरात’. आणि त्याच्या आधीचे दोन शब्द त्या एका खोट्याच्याच बळावर खरे ठरले होते. शासकीय गद्यात इतकी काटकसर क्वचितच आढळते.

“करून टाका ना मॅडम सही. कायले वाढवता?” भोयर म्हणाले. “रिटायरमेंटले दीड वर्ष राह्यलं तुमचं.”

“तुम्ही उठून बघितलंसुद्धा नाही.”

“काय बघायचं? मागच्या खेपेले पाह्यलं होतं. फोटो हायेत माह्या मोबाइलमध्ये, तेच लावतो.” त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. “आन् त्या खिचडीवाल्या बाईचं मनावर घेऊ नका. मार्चात मुदत सरते तिची. मंग ना तक्रार, ना तक्रारदार.”

तक्रार लालीबाई राठोड यांची होती. लालीबाई तांड्यावरून येऊन शाळेची खिचडी शिजवत, आणि त्यांची नात सहावीत शिकत होती. अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहून दिला होता, खाली अंगठा. त्यात एकही विशेषण नव्हते. ‘पोरी सकाळपासून पाणी पीत नाहीत. तूर निघाली की आडोसा राहत नाही. माझ्या नातीला दोनदा ताप आला.’ एवढेच.

विमलताईंना तुरीचे समजावून सांगण्याची गरज नव्हती. शाळेच्या कुंपणामागे तुरीचे शेत होते. ऑगस्टपासून ती वाढत जाई, दिवाळीपर्यंत डोक्याइतकी होई, आणि मधल्या सुट्टीत मुली दोघी-दोघींनी तिच्यात शिरून बाहेर येत. जानेवारीत तूर सोंगली की तिथे मोकळे रान उरे. मग शाळा संपेपर्यंत, सात तास, मुली वर्गात बसून राहत. फेब्रुवारीत पाण्याच्या टाकीजवळची गर्दी कमी होई आणि मास्तरांना वाटे, मुलींना शिस्त लागली.

“सही होत नसेल तर तुमच्या शब्दांत जबाब लिहून ठेवा,” भोयर उठले. “उद्या अकराले येतो. साहेबाले काय, कागद पाहिजे. कागद लागला की फाइल बंद.”

ते गेल्यावर विमलताई स्वयंपाकाच्या शेडकडे गेल्या. लालीबाई पातेले घासत होत्या. मान वर न करता त्यांनी पदर खोचला.

“लालीबाई, आधी मला सांगायचं होतं ना तुम्ही.”

“सांगाले आलती ना मॅडम. दिवाळीच्या आंधी. तुमी म्हनल्या, पाहू.”

“मग नातीनं यायचं माझ्याकडे. चावी माझ्याजवळच असते.”

“तुमच्याकडं?” लालीबाईंना हसू आले. “तुमच्यापुढं कविता म्हनाले थरथर कापते ते पोरगी. मुतायची चावी मांगंल?”

पर्समधला चाव्यांचा जुडगा विमलताईंना एकाएकी जड वाटला असे म्हणणे सोपे आहे. तो जुडगा त्यांना कधीच जड वाटला नव्हता, हीच तर गोष्ट होती.

कुलूप त्यांनी दुष्टपणाने लावले नव्हते. २००९ साली ते स्वच्छतागृह बांधून झाले तेव्हा शाळेत सफाईला माणूस नव्हता, आजही नाही. महिनाभरात ते तुंबले. तेव्हा विमलताई साध्या शिक्षिका होत्या. पदर नाकाला बांधून, खराटा घेऊन त्यांनी ते स्वतः साफ केले. दुसऱ्या महिन्यातही केले. तिसऱ्या महिन्यात तालुक्याची स्वच्छ शाळेच्या पुरस्काराची समिती येणार म्हणून आठ दिवस कुलूप लावले. समितीने फरशांचे कौतुक केले. पुरस्कार मिळाला. आठ दिवस संपले, तेव्हा कुलूप काढायला कुणी सांगितले नाही, आणि पुढच्या वर्षी समिती पुन्हा येणारच होती. पुरस्काराची सन्मानचिन्हे आता मुख्याध्यापिकांच्या खोलीत कपाटावर ओळीने उभी होती. त्यांतल्या तीन चिन्हांवर विमलताईंचे नाव होते.

त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली होती. अपेक्षाला घेऊन यवतमाळला डॉक्टरकडे जायचे होते.

अपेक्षा त्यांची एकुलती एक मुलगी. वय सत्तावीस, आणि त्यातली तेरा वर्षे आजारी. सुरुवातीला सगळ्यांनी तिला उन्हाळी लागली असे म्हटले. धने-जिऱ्याचे पाणी झाले, सब्जा झाला, जवाचे पाणी झाले. मग गोळ्या. गोळ्यांनी पंधरा दिवस बरे वाटे, पुन्हा ओटीपोटात तीच आग, दर अर्ध्या-पाऊण तासाला तीच धावपळ. पुढे पुढे लघवीच्या तपासणीत जंतू सापडेनासे झाले, आणि तिथून तिची खरी फजिती सुरू झाली. ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे दोन शब्द जो तो तिच्या तोंडावर फेकू लागला. एका डॉक्टरने झोपेच्या गोळ्या दिल्या. मावशीने लग्न सुचवले. उमरखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात ती अकरा महिने शिकवत होती. एका तासिकेत ती दोनदा वर्गाबाहेर जाते याची प्राचार्यांनी लेखी नोंद घेतली, तेव्हा ती नोकरी सोडून नेरला आईकडे परत आली. विमलताईंनी तिला परत घेतले, पण प्रत्येक वेळी न्हाणीघराचे दार वाजले की त्यांच्या तोंडून निघून जाई, “आत्ताच तर गेली होतीस.”

डॉक्टर अतिया यांच्या दवाखान्यात अपेक्षाने आपली वही टेबलावर ठेवली. महिनाभर तिने तीत रकाने भरले होते: किती वाजता, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर, किती दुखले, आधी काय खाल्ले. विमलताईंनी ती वही आज पहिल्यांदाच उघडी पाहिली. अक्षर त्यांच्याच वळणाचे होते, त्यांनीच गिरवून घेतलेले. एका रविवारी सव्वीस ओळी होत्या.

“शाबास बेटा,” डॉक्टर म्हणाल्या. “हे पाहा, टमाटरची भाजी खाल्ली की चार तासांनी दुखतंय. लिंबाचं लोणचं, तेच. चहाचं नक्की दिसत नाही. आठ दिवस बंद करून बघू. सगळं एकदम सोडायचं नाही हं, नाहीतर काय बाधतं ते कळणारच नाही.”

“पण मॅडम, रिपोर्ट तर नॉर्मल आहे,” विमलताई म्हणाल्या.

“जंतू सापडले नाहीत, एवढंच रिपोर्ट सांगतो. आजार नाही असं तो कुठं म्हणतो? ते आपण त्याच्या तोंडी घालतो.” डॉक्टरांनी एक छायाचित्र पुढे केले. “मागच्या आठवड्यात दुर्बिणीतून बघितलं. मूत्राशयाचं आतलं अस्तर हे असं झालंय, हुळहुळं. जखमेवर मीठ लागावं तशी लघवी त्याला लागते. तुमचं-माझं चारशे मिलिलिटर भरेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. हिला सव्वाशेला वाटतं, आता फुटणार.”

छायाचित्रात गुलाबी भिंतीवर रक्ताचे बारीक ठिपके होते. विमलताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“बरं होईल ना?”

“सांभाळता येईल. दर आठवड्याला नळीतून औषध आत सोडू, सहा आठवडे. ओटीपोटाचे स्नायू सैल करायचे व्यायाम शिकवते आमची फिजिओथेरपिस्ट. पाणी तोडायचं नाही, थोडं थोडं पीत राहायचं. दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं, पाच-पाच मिनिटांनी. दुखायला लागलं की हट्ट करायचा नाही. चांगले महिने येतील, वाईट आठवडे येतील. वही ठेवली की वाईट आठवडा कशानं आला ते कळतं, आणि घाबरायला कमी होतं.” मग त्यांनी नवा कागद ओढला. “आता लहानपणाचं सांगा. संसर्ग किती वेळा झाला? शाळेत असताना रोखून धरायची सवय होती का?”

अपेक्षाने आईकडे पाहिले. त्या पाहण्यात आरोप नव्हता. असता तर त्याला उत्तर देता आले असते. तोंडी परीक्षेत शेजारच्या मुलीला प्रश्न गेल्यावर एखादी हुशार मुलगी जशी थांबून राहते, तशी ती थांबली होती.

“शाळेत सोय होती,” विमलताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. अपेक्षाने वहीचे पान सरळ केले.

उठता उठता विमलताईंना राहवले नाही. “मॅडम, रोखून धरल्यानं होतं का हे?”

“एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही हो. लहानपणी पाणी कमी, वारंवार संसर्ग, त्याचा हातभार लागला असेल, नसेलही. न रोखणाऱ्यांनाही होतं. कुणाला दोष देऊन काय करायचं?”

अशा रीतीने वैद्यकशास्त्राने विमलताईंना संशयाचा फायदा देऊन सोडले. पायऱ्या उतरताना त्यांना हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याचे दुसऱ्याच पायरीवर लक्षात आले.

यवतमाळच्या बसस्थानकावर नेरच्या गाडीला वीस मिनिटे होती. अपेक्षा जाऊन आली आणि बाकावर बसून तिने वहीत वेळ लिहिली. विमलताईंनी केळी घेतली होती. एक सोलून तिच्या हातात दिले.

“ऐकलं ना डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं? कशानं झालं ते कोणालेच सांगता येत नाही.”

“ऐकलं. तू त्याहिले काय सांगितलं तेही ऐकलं.”

“मंग? सोय नव्हती का?”

“होती ना. वर्गाच्या खिडकीतून रोज दिसे.”

“टोमणे मारू नको. गावातल्या पोरी घरी पळत, तांड्यावरच्या तुरीत जात...”

“आन् मी?” अपेक्षाने विचारले. “आपलं घर कुठं जवळ होतं पळाले? मले तुरीत जाऊ दिलं असतं तुनं? गावंडे बाईची पोरगी वावरात बसते म्हणून गाव बोललं असतं. तुनंच सांगितलं होतं पाचवीत, आपल्याले शोभत नाही म्हणून.”

“तुले चावी मागाले कोणी अडवलं होतं? मागितली असती तर दिली नसती का मी? आई आहो मी तुही.”

“तीनदा मागितली, आई. समिती येणार होती त्या दिवशी. अकराले येणार म्हणे, ते आले दोनले. मी स्वागतगीताच्या रांगेत, हातात तांब्या. तिसऱ्या खेपेले स्टाफरूमच्या दारात सगळ्यांसमोर तू म्हणाली, तुले दिली तर पन्नास जणी मागतील. माही पोरगी हाय म्हणून वेगळा न्याय नाही.”

विमलताईंनी केळ्याची साल घडी घालून रुमालात ठेवली. वेगळा न्याय नाही, हे वाक्य त्यांचेच होते. ते त्या आयुष्यभर अभिमानाने म्हणत आल्या होत्या आणि त्यावर निरोपसमारंभांत टाळ्या पडल्या होत्या. सगळ्यांना सारखेच नाकारले की न्याय होतो, अशी एक समजूत चांगल्या शिक्षकांमध्ये फार जुनी आहे.

“त्या दिवशी तुह्या हातातला तांब्या कलंडला होता,” त्या म्हणाल्या. “त्यानं ओली झाली तू. पाणी होतं ते. कितीदा सांगू?”

“बरं.”

“बरं काय?”

“बरं म्हणजे बरं.” अपेक्षा समोर लागलेल्या गाडीची पाटी वाचत होती, ती दारव्ह्याची होती. “कशानं झालं हे मी तुले विचारतच नाही, आई. बरं होत नाही हेही समजलं मले, मी जगतो त्याच्यासंग. पण तेरा वर्षं झाले, जो तो म्हणते तुले काही नाही झालं, मनाचं हाय. आता आता मलेच वाटते, मी मागितलीच नसंल चावी. सपन पडलं असंल.” तिचा आवाज चढला नाही. “मले फक्त एवढंच तुह्या तोंडून पाहिजे, का हो, तुनं मागितली होती. बाकी काही नको.”

नेरची गाडी लागली. माणसे दाराकडे धावली. विमलताई उठल्या, त्यांनी खिडकीतून पिशवी टाकून दोन जागा धरल्या, मुलीला खिडकीशी बसवले, तिच्या पाठीमागे शाल घडी करून दिली. तासाभराच्या प्रवासात त्या दोनदा बोलायला वळल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, ऊन लागतं का. दुसऱ्यांदा त्यांनी तिच्या पाठीमागची शाल नीट केली. घरी पोचल्यावर त्यांनी टमाटर न घालता वरण केले. ते सपक लागले, तरी दोघींनी ते संपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघण्यापूर्वी त्या स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या राहून लिहीत होत्या. दोन प्रती काढल्या. अपेक्षा आत व्यायामाची चटई टाकून, डोळे मिटून, शिकवल्याप्रमाणे दहा आकडे मोजत श्वास सोडत होती. विमलताई दाराशी आल्या. एकतीस वर्षे खडा आवाज ज्या गळ्यातून निघाला होता, त्यातून एक साधे वाक्य निघेना. शेवटी एक प्रत त्यांनी तिच्या वहीत, आजच्या कोऱ्या पानावर ठेवली, आणि चपला हातात घेऊन, आवाज न करता, बाहेर पडल्या.

अकराला भोयर आले. त्यांनी उभ्या उभ्या वाचले, मग बसून वाचले.

“मॅडम, हे काय लिहून ठेवलं? हे जोडता येत नाही फाइलले.”

“तुम्हीच म्हणालात, कागद पाहिजे.”

“तुमची चौकशी लागंल. दीड वर्ष राह्यलं, पेन्शन अडकंल. कोणं सांगितलं होतं एवढं खरं लिहाले?”

“माझ्या शब्दांत लिहा म्हणालात. आवक-जावक क्रमांक टाकलाय. पोच द्या.”

भोयरांनी पोच दिली. तो जबाब आजही त्या फाइलीत आहे. त्याच्यावर कुणी शेरा मारलेला नाही. तो असा:

‘मी, विमल नारायण गावंडे, वय ५६ वर्षे ६ महिने, मुख्याध्यापिका, स्वखुशीने जबाब लिहून देते की, मुलींच्या चौथ्या स्वच्छतागृहाची चावी सन २००९ पासून माझ्याकडे आहे. ते वापरात नाही. इतर तिन्हींपैकी दोन ही स्वच्छतागृहे नसून कोठारे आहेत व एकाचे दार उघडत नाही. श्रीमती लालीबाई राठोड यांची तक्रार खरी आहे. त्या दिवाळीपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. मी पाहू म्हणाले व पाहिले नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये समिती आली त्या दिवशी इयत्ता आठवीतील अपेक्षा गावंडे हिने माझ्याकडे तीन वेळा चावी मागितली. तिसऱ्या वेळी ती रडत होती. चावी माझ्या हातात होती. मी दिली नाही. तिच्या हातातील तांब्या कलंडलेला नव्हता. तो मी नंतर कलंडवला, आणि ते पाणीच होते असे तिला आजपर्यंत सांगत आले. ती माझी मुलगी असल्यामुळे तिचे नाव मला येथे लिहिता आले. चावी इतर मुलींनीही मागितली होती. त्यांची नावे मला आठवत नाहीत.’